पक्षिगृहांची कहाणी

पक्षी आपल्याजवळ असावा आणि तरीही तो मनमोकळा उडावा, या माणसाच्या दोन इच्छा फार जुन्या आहेत. त्या परस्परविरोधी आहेत हेही माणसाला फार पूर्वीच उमगले असावे. पिंजरा पहिली इच्छा पुरवितो आणि दुसरी मारून टाकतो. या दोहोंचा काही मेळ घालता येईल का, या विचारातून पिंजऱ्याहून निराळी अशी एक वास्तू उदयास आली. उघड्यावर उभारलेली, झाडाझुडपांना आणि वाहत्या पाण्याला जागा देणारी, पक्ष्याला पंख पसरून चार हात तरी उडता येईल अशी ही वास्तू म्हणजे पक्षिगृह. वरवर पाहता हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय वाटतो. परंतु त्याचा इतिहास बारकाईने पाहू लागले की त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतो. पक्षिगृह सुरक्षित असावे हे सर्वांनाच मान्य होते; पण ते कोणासाठी सुरक्षित? धन्याची मालमत्ता उडून जाऊ नये म्हणून, की आतल्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून?

भारतीयांना पाळीव पक्ष्यांचे वेड प्राचीन काळापासून आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाच्या घराचे वर्णन करताना बाहेरच्या बाजूस टांगलेल्या क्रीडापक्ष्यांच्या पिंजऱ्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे आणि पोपट-मैनांना बोलायला शिकविणे ही चौसष्ट कलांपैकी एक कला म्हणून गणली आहे. शूद्रकाचे मृच्छकटिक देवलांच्या नाट्यरूपामुळे मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्या नाटकाच्या चौथ्या अंकात विदूषक मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यात शिरतो आणि एकामागून एक चौक ओलांडीत सातव्या चौकात येऊन पोहोचतो. हा सारा चौकच पक्ष्यांचा आहे. कबुतरांची जोडपी, पाठ म्हणणारा पोपट, अखंड बडबडणारी मैना, झुंजीसाठी तयार केलेले लावे, नाचणारा मोर आणि माणसांच्या मागे मागे फिरणारे हंस यांनी तो गजबजून गेलेला आहे. वाड्याचा एक संपूर्ण चौक पक्ष्यांना देणे ही कल्पना पक्षिगृहाच्या अगदी जवळ येते. तथापि या वर्णनातील बहुतेक पक्षी पिंजऱ्यात तरी आहेत, नाही तर पूर्ण माणसाळलेले तरी आहेत. पक्ष्यांसाठी खास बांधणी कशी असावी, याचा विचार तेथे आढळत नाही.

तसा विचार लेखनात सविस्तर सापडतो तो रोमन जगात. प्लिनी या ग्रंथकाराने पक्षिगृहाच्या शोधाचे श्रेय ब्रुंडिसियम येथील मार्कुस लेनियुस स्त्राबो या गृहस्थाला दिले आहे. त्यानंतर थोड्याच काळात श्रीमंत रोमनांमध्ये पक्षिगृहांची चढाओढ लागली. विलासासाठी प्रसिद्ध असलेल्या लुकुल्लुसाने तुस्कुलुम येथील आपल्या वाड्यात पक्षिगृहातच भोजनशाला मांडली. ताटात शिजवून वाढलेले पक्षी आणि भोवती खिडक्यांशी फडफडणारे त्यांचे जातभाई, असा तो थाट होता. पण हा बेत फसला. फडफडणाऱ्या पक्ष्यांनी डोळ्यांना जेवढे सुख दिले, त्यापेक्षा दुर्गंधीने नाकाला जास्त त्रास झाला, असे वारो या विद्वानाने मिस्कीलपणे नोंदवून ठेवले आहे. पक्षिगृहाच्या रचनेतील पहिला धडा हा असा नाकाच्या द्वारे मिळाला. जिथे हवा खेळत नाही आणि विष्ठा साचून राहते, तिथे ना माणसाला सुख ना पक्ष्याला.

हा वारो म्हणजे रोममधील अत्यंत बहुश्रुत पंडित. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, त्याने शेतीवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातील तिसरा भाग वाड्याभोवती पाळायच्या पशुपक्ष्यांना वाहिला. या भागात दोन प्रकारच्या पक्षिगृहांची वर्णने आहेत. त्यांतले एक धंद्याचे आहे आणि दुसरे शोभेचे. दोन्ही एकाच लेखणीतून उतरलेली असल्यामुळे त्यांची तुलना फार उद्बोधक ठरते.

धंद्याच्या पक्षिगृहात कस्तुराच्या जातीचे पक्षी हजारोंनी ठेवीत आणि मेजवान्यांसाठी पुष्ट करून विकीत. वारोच्या संवादातील एका पात्राच्या मावशीच्या वाड्यातून एका वर्षात असे पाच हजार पक्षी प्रत्येकी तीन दिनारांना विकले गेले आणि साठ हजार सेस्टर्स पदरात पडले. श्रोत्याच्या २०० युगेरांच्या, म्हणजे सुमारे सव्वाशे एकरांच्या, शेताचे वार्षिक उत्पन्न याच्या निम्मे होते. एवढी कमाई असल्यावर बांधणीकडे कसून लक्ष दिले गेले यात नवल नाही. पाणी नळाने आत आणावे, पण ते पसरट हौदात न साठविता सहज पुसता येतील अशा अरुंद पन्हळींतून फिरवावे, कारण पसरलेले पाणी लवकर घाण होते. उरलेले पाणी दुसऱ्या नळाने बाहेर काढावे, म्हणजे चिखल होणार नाही. दार बुटके आणि अरुंद असावे. दाराखिडक्यांभोवतीचा गिलावा इतका गुळगुळीत असावा की उंदीर किंवा दुसरा कोणताही प्राणी आत शिरू नये. बसण्यासाठी भिंतीला तिरक्या काठ्या टेकवून त्यांवर आडव्या दांड्या, नाट्यगृहातील पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक, बांधाव्यात. या सूचना आज कोणी पक्षिपालकाने वाचल्या तर त्यांतली एकही त्याला जुनाट वाटणार नाही.

परंतु याच यादीत आणखी दोन सूचना आहेत आणि त्या वाचताना मन थबकते. खिडक्या थोड्या ठेवाव्यात आणि त्यांतून बाहेरची झाडे वा पक्षी दिसू देऊ नयेत. कारण ते दृश्य पाहून आतले पक्षी झुरतात आणि रोडावतात. दुसरी सूचना अशी की मोठ्या दालनाला लागून एक लहान कोठडी असावी. विक्रीसाठी निवडलेले पक्षी गुपचूप त्या कोठडीत न्यावेत आणि तेथे मारावेत. बाकीच्यांच्या देखत मारले तर ते धास्तीने नको त्या वेळी मरतील आणि मालकाचे नुकसान होईल. पक्ष्याला आस असते, भीती असते, आठवण असते, हे त्या व्यापाऱ्याने अचूक ओळखले होते. मात्र त्या ज्ञानाचा उपयोग त्याने तराजूतले वजन टिकविण्यापुरताच केला.

वारोने कासिनुम येथील आपल्या वाड्यात स्वतःसाठी उभारलेले पक्षिगृह अगदी निराळे होते. एका स्वच्छ ओढ्याकाठी ७२ फूट लांब आणि ४८ फूट रुंद असे त्याचे चौकोनी अंग होते. दोन्ही बाजूंच्या खांबओळींवरून तागाचे जाळे पसरले होते. त्यापुढे घुमटाचे वर्तुळाकार मंदिर होते. त्याचे बाहेरचे खांब दगडी आणि आतले सडपातळ लाकडी, दोहोंमध्ये पाच फुटांचे अंतर आणि त्या अंतरात पक्षी. बाहेरच्या खांबांच्या मधल्या जागेत भिंतीऐवजी तातीचे जाळे ताणले होते. त्यातून पलीकडची वनराई दिसे, पण पक्षी निसटू शकत नसे. गाणाऱ्या पक्ष्यांचा तेथे विशेष भरणा होता. घुमटाच्या आतून दिवसा आणि रात्री वेळ दाखविणाऱ्या दोन तारकांच्या आकृती फिरत आणि बाहेर कोणता वारा वाहतो आहे हे आत बसून कळे. विक्रीच्या पक्ष्यांना जी वनराई त्याने नाकारली, ती गाणाऱ्यांना मोकळ्या मनाने बहाल केली. यात विसंगती आहे खरी; पण ती एकट्या वारोची नव्हे.

यानंतर दीड हजार वर्षांनी युरोपीय माणसांनी महासागरापलीकडे एक असे पक्षिगृह पाहिले की त्यांच्या खंडात त्याला तोड नव्हती. एर्नान कोर्तेस १५१९ च्या नोव्हेंबरात अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीत शिरला. पुढच्या वर्षी आपल्या राजाला धाडलेल्या पत्रात त्याने मोक्तेसुमाच्या पक्षिगृहांची हकीकत कळविली आहे. पाणपक्ष्यांसाठी तेथे दहा तळी होती. समुद्रपक्ष्यांना खारे पाणी आणि नदीकाठच्या पक्ष्यांना गोडे. ठरावीक काळाने तळी रिकामी करून साफ करीत आणि पुन्हा भरीत. रानात जो पक्षी जे खात असे तेच त्याला येथे मिळे. मासे खाणाऱ्यांसाठी रोज दहा आरोबा, म्हणजे सुमारे ११५ किलो, मासळी सरोवरातून आणली जाई. या कामावर ३०० माणसे नेमलेली होती आणि त्यांखेरीज आजारी पक्ष्यांवर उपचार करणारी माणसे वेगळी होती.

शिकारी पक्ष्यांचे आवार तर रचनेच्या दृष्टीने अधिकच लक्षणीय होते. लहानशा ससाण्यापासून थेट गरुडापर्यंतच्या पक्ष्यांसाठी तेथे फरसबंद चौकात खोल्या केलेल्या होत्या. प्रत्येक खोलीचा अर्धा भाग कौलांनी शाकारलेला आणि अर्ध्यावर लाकडी जाळी. एक दांडी छपराखाली, दुसरी जाळीखाली. रात्री आणि पावसात पक्ष्याने आत बसावे, एरवी ऊन आणि वारा खात बाहेर बसावे. ऊन की सावली, हे ठरविणे पक्ष्यावर सोपविले होते. पक्षिगृहाच्या साऱ्या शास्त्रात याहून मोलाचे तत्त्व क्वचितच सापडेल. बंदिवानाच्या हाती एवढी तरी निवड राहावी, हे ज्या समाजाला सुचले तो समाज पुढे रानटी म्हणून ओळखला गेला, हा इतिहासाचा उपरोध आहे. अर्थात तेथेही निखळ भूतदया नव्हती. रंगीबेरंगी पिसे गोळा करून त्यांपासून राजवस्त्रे आणि ढाली सजविण्याची मोठी कला त्या पक्षिगृहांवर पोसली जात होती.

त्या पक्षिगृहांचा शेवट मात्र करुण झाला. १५२१ च्या वेढ्यात कोर्तेसने ती जाळून टाकली. आपल्याला याचे दुःख झाले, परंतु शत्रूला त्याहून अधिक दुःख होईल म्हणून हे केले, अशी कबुली त्याने स्वतःच्याच पत्रात दिली आहे. ज्या जाळीने पक्ष्यांचे घारीपासून आणि पावसापासून रक्षण केले होते, त्याच जाळीने त्या दिवशी त्यांची वाट अडविली असेल. आपले सर्व रक्षण दुसऱ्यावर सोपविलेल्या जिवाचे भवितव्य त्या दुसऱ्याच्या भवितव्याशी कसे बांधले जाते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे.

याच शतकाच्या उत्तरार्धात भारतात अकबराच्या दरबारी एक वेगळाच प्रयोग भरभराटीला आला होता. अबुल फजलने ऐने-अकबरीत बादशहाच्या कबुतरखान्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वीस हजारांहून अधिक कबुतरे, त्यांपैकी पाचशे खाशी, असा त्यांचा पसारा होता. त्यांच्या चाऱ्यात सात प्रकारची धान्ये मिसळली जात. कबुतरांच्या वंशावळींवर, रंगांवर आणि हवेतील कोलांट्यांवर बारीक नजर असे. छावणी हलली की भोई कबुतरांची घरे उचलून चालत आणि कबुतरे मागोमाग येत. या पक्षिगृहाचे दार उघडे होते. पक्षी जाई आणि परत येई; त्याला धरून ठेवणारी वस्तू जाळी नव्हती, घर आणि जोडीदार होता. अकबराचा पुत्र जहांगीर याने तर सारसांची एक जोडी पाळून तिचे नाव लैला-मजनू ठेवले होते. त्यांचे मीलन, अंड्यांवर बसण्याची पाळी आणि पिलांची जोपासना यांचे निरीक्षण त्याने आत्मवृत्तात नोंदवून ठेवले. पाळलेल्या पक्ष्याकडे करमणुकीपलीकडे, जिज्ञासेने पाहण्याची ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती.

एकोणिसाव्या शतकापर्यंत पक्षिगृह हे राजेरजवाड्यांचे आणि धनिकांचेच राहिले. याचे कारण अगदी साधे होते. ताग, ताती आणि लाकूड ही साधने कुजत, पक्षी ती कुरतडीत आणि हातांनी विणलेली तारेची जाळी सामान्य माणसाला परवडत नसे. ही अडचण दोन शोधांनी दूर केली. स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे हक्क नोंदविले. त्यानंतर इंग्लंडमधील नॉर्विच या कापडाच्या पेठेत चार्ल्स बार्नार्ड नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने १८४४ मध्ये तारेची जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. कापड विणण्याच्या मागावरूनच त्याला ते सुचले होते. षट्कोनी छिद्रांची ही जाळी पुढे कोंबड्यांच्या खुराड्यांपासून बागांच्या कुंपणांपर्यंत जगभर पसरली.

योगायोगाने याच सुमारास, १८४० मध्ये, जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या रानातील लहान हिरवे पोपट जिवंत स्थितीत इंग्लंडात आणले. आज भारतातल्या गावोगावी ‘बजरीगर’ किंवा ‘लव्हबर्ड’ या नावांनी (त्यांतले दुसरे नाव चुकीने) विकले जातात ते हेच पक्षी. बंदिवासात ते सहज वाढतात, थोड्या धान्यावर राहतात आणि थव्याने नांदतात. स्वस्त जाळी आणि सोशिक पक्षी एकत्र आल्यावर मध्यमवर्गाच्या परसात पक्षिगृहे दिसू लागली. १८९४ मध्ये इंग्लंडात पक्षिपालकांची ॲव्हिकल्चरल सोसायटी स्थापन झाली आणि हौसेला शास्त्राची जोड मिळाली.

सार्वजनिक उद्यानांनीही मग मोठी झेप घेतली. १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनासाठी स्मिथसोनियन संस्थेने २२८ फूट लांब, ८४ फूट रुंद आणि ५० फूट उंच असे पक्षिगृह उभारले. त्यात प्रेक्षकांना आतून चालत जाता येई. प्रदर्शन संपले तरी ते तेथेच राहिले आणि त्याच्याभोवती पुढे त्या शहराचे प्राणिसंग्रहालय वाढले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लॉर्ड स्नोडन, सेड्रिक प्राइस आणि फ्रँक न्यूबी यांनी आखलेले ॲल्युमिनियमचे, ताणलेल्या तारांवर तोललेले पक्षिगृह १९६५ मध्ये खुले झाले. आता त्यात पक्षी नाहीत. २०२२ पासून तेथे वानरे राहतात. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या राणीच्या बागेत, प्रेक्षकांना आतून फिरता येईल असे विस्तीर्ण पक्षिगृह २०२० मध्ये सुरू झाले.

या दीर्घ अनुभवातून सुरक्षित पक्षिगृहाची जी रचना सर्वमान्य झाली, तिच्या एकेका अंगामागे एखाद्या दुर्घटनेची आठवण आहे. उंदीर, घुशी आणि मुंगूस जमीन उकरून आत शिरतात. म्हणून जाळी जमिनीच्या पातळीवर न थांबविता फूट-दीड फूट खोल पुरतात किंवा खाली काँक्रीटचा पाया घालतात. छिद्र मोठे असले तर सापाची पिले आणि उंदीर सहज आत येतात. म्हणून लहान पक्ष्यांसाठी अर्ध्या इंचाहून मोठ्या छिद्राची जाळी वापरीत नाहीत. मांजर आत शिरू शकले नाही तरी रात्री जाळीवर झेप घेऊन बसलेल्या पक्ष्याचा पाय ओरबाडते, आणि घाबरलेले बाकीचे पक्षी अंधारात जाळीवर आपटून मरतात. म्हणून काही इंचांच्या अंतराने दुहेरी जाळी लावतात. माणूस आत जाताना पक्षी डोक्यावरून निसटतो. म्हणून एकापुढे एक अशी दोन दारे ठेवतात, आणि पहिले लावल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही हा नियम पाळतात.

छपराचा अर्धा भाग बंद आणि अर्धा उघडा, ही मोक्तेसुमाच्या कारागिरांची युक्ती तर अजूनही कायम आहे. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा ती बाजू भिंतीने बंद करावी लागते. विदर्भात उन्हाळ्याच्या झळांपासून पश्चिमेची बाजू झाकावी लागते. बंद छपराला आता आणखी एक कारण मिळाले आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्ल्यूची साथ आली, आणि रानपक्ष्यांची विष्ठा वरून खाली पडणे किती घातक ठरू शकते याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. दाणापाण्याची भांडी म्हणूनच छपराखाली, आणि बसायच्या दांड्यांपासून दूर ठेवतात. दांड्या एकाच जाडीच्या न ठेवता नैसर्गिक फांद्यांच्या लहानमोठ्या जाडीच्या ठेवतात. नाही तर तळव्याच्या एकाच जागी सतत भार पडून तेथे जखमा होतात. नवा आणलेला पक्षी थेट थव्यात न सोडता काही आठवडे वेगळ्या कोठडीत ठेवतात. वारोच्या काळातील कोठडी पक्ष्याला मारण्यासाठी होती. ही त्याला आणि इतरांना जगविण्यासाठी आहे.

सर्वांत अनपेक्षित धडा मात्र त्या जस्ताच्या मुलाम्यानेच दिला. नव्या जाळीत ठेवलेले पोपट निस्तेज होतात, ओकतात आणि काही दिवसांत दगावतात, हा अनुभव पक्षिपालकांना येत होता. पोपटाची जात चोचीने चढते आणि सतत काही ना काही कुरतडते. जाळीवरचे जस्ताचे सुटे कण त्याच्या पोटात जातात आणि विषासारखे भिनतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पशुवैद्यांनी स्पष्ट केले. तेव्हापासून नवी जाळी शिरका लावून घासून काढण्याचा, काही काळ उन्हापावसात ठेवण्याचा आणि शक्य असल्यास न गंजणाऱ्या पोलादाची जाळी वापरण्याचा सल्ला दिला जातो. बाहेरच्या शत्रूपासून रक्षण करणारी भिंतच आतल्या जिवाचा शत्रू ठरली होती. पक्षी कुंपणाकडे कसा पाहतो, त्याला स्पर्श कसा करतो, याचा विचार बांधणाऱ्याने केला नव्हता म्हणून हे घडले.

पक्षिगृहाची बांधणी निर्दोष असली तरी सर्व काही साधले असे होत नाही. याची साक्ष गुलाबी डोक्याच्या बदकाने दिली आहे. गंगेच्या खोऱ्यातील दलदलींत राहणारा हा पक्षी पूर्वीपासूनच विरळा होता. कलकत्त्याचे सर डेव्हिड एझ्रा यांच्या मदतीने त्यांचे बंधू आल्फ्रेड एझ्रा यांनी इंग्लंडमधील फॉक्सवॉरन पार्क येथे काही बदके पाळली. जागा प्रशस्त होती, निगा उत्तम होती. पण त्यांनी तेथे कधी घरटे केले नाही. रानातील शेवटची खात्रीलायक नोंद १९३५ मधील, बिहारातील दरभंग्याच्या परिसरातील आहे, आणि त्याच सुमारास फॉक्सवॉरन येथील बदकेही एकामागून एक संपली. पक्षी सुखरूप जगले आणि जात मात्र सरली. एका पक्ष्याला वाचविणे वेगळे आणि त्याच्या वंशाला वाचविणे वेगळे, हे त्या रिकाम्या तळ्याने शिकविले.

मध्यंतरी कायद्यानेही या विषयात पाऊल टाकले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा त्याने गुन्हा ठरविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९०-९१ मधील निर्बंधांनी भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. वसंतसेनेच्या सातव्या चौकातील बहुतेक पाखरे आता कोणाला बाजारातून विकत घेता येणार नाहीत. पोपट हा शतकानुशतके भारतीय ओसरीवरचा सोबती. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याची जागा झाडाच्या ढोलीत आहे. परसातल्या पक्षिगृहाला उरले ते बजरीगर, कॅनरी यांसारखे पिढ्यान् पिढ्या बंदिवासातच वाढलेले परदेशी पक्षी. त्यांना रान ठाऊक नाही; उघड्यावर सोडले तर चार दिवसांत कावळे त्यांचा फडशा पाडतील. त्यांच्यासाठी चांगले पक्षिगृह हेच जग आहे, आणि म्हणूनच ते चांगले असण्याची जबाबदारी अधिक मोठी आहे.

पक्षिगृहाच्या इतिहासातील सर्वांत नवे प्रकरण ज्या पक्ष्यासाठी लिहिले गेले, तो पक्षी कोणत्याही रसिकाने दिवाणखान्यापुढे टांगला नसता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील ही घट प्रथम जगापुढे मांडली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे संशोधनाने सिद्ध झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी आली. परंतु तोवर पक्षी जगवायचे कोठे? हरियाणातील पिंजोर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात त्यासाठी १०० फूट लांब, ४० फूट रुंद आणि २० फूट उंच अशी पक्षिगृहे बांधण्यात आली. गिधाडे थव्याने राहतात, म्हणून थवा मावेल एवढी ती जागा. माणसाचा वावर त्यांना खपत नाही, म्हणून कॅमेऱ्यांतून दुरूनच नजर. आजारी पक्ष्यांसाठी आणि पिलांसाठी निराळी दालने.

येथे जन्मलेल्या आणि वाढलेल्या गिधाडांपैकी काही २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंच येथील जंगलांत आणण्यात आली. त्यांना लगेच मोकळे सोडले नाही. जंगलातच उभारलेल्या जाळीच्या घरांत त्यांना काही महिने ठेवण्यात आले. त्या घरांचा हेतूच असा की आतल्या पक्ष्यांनी बाहेरचे आकाश पाहावे, वारे ओळखावेत, झाडे पाहावीत आणि त्या मुलखाची सवय करून घ्यावी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दारे उघडली. बाहेर पडलेल्यांपैकी काहींचे पुढे मृत्यू ओढवले, कारण रान हे रानच असते; तरीही आणखी पक्षी तयार करण्याचे आणि सोडण्याचे काम थांबलेले नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी वारोने बजावले होते की पक्ष्याला बाहेरची झाडे दिसू देऊ नयेत, नाही तर तो झुरेल. ताडोब्यातील जाळीघर बांधणाऱ्यांनी नेमकी तीच झाडे पक्ष्याच्या डोळ्यांपुढे ठेवली. दोघांनाही पक्ष्याच्या मनातील ती ओढ ठाऊक होती. एकाने ती नुकसानीचे कारण मानून झाकून टाकली. दुसऱ्यांनी तीच पक्ष्याला घरी नेणारी वाट मानली. पाया, जाळी, दुहेरी दार आणि अर्धे छप्पर या गोष्टी शतकानुशतके सुधारत गेल्या आणि पुढेही सुधारतील. परंतु ते दार कधीतरी बाहेरच्या बाजूने उघडायचे आहे, अशा हिशेबाने पक्षिगृह बांधणे माणसाला फार उशिरा सुचले.